नाउन म्हणजेच सब्जेक्ट का? पार्ट्स ऑफ स्पीचचा गोंधळ, जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी सहावीत, सेमी इंग्लिशला, वर्कशीटवर 'ऑरेंज मार्केट' मधल्या ऑरेंजला तिने ॲडजेक्टिव्ह लिहिलं आणि बाईंनी चूक दिलं, तुम्ही स्वतः मराठी मीडियमच्या म्हणून काहून चूक ते तिला सांगता येईना, शिवाय नाउन आणि सब्जेक्ट एकच की वेगळं आणि पार्ट्स ऑफ स्पीच आठ की नऊ, हेही विचारलंय. मी इथे नागपुरातच मराठी मीडियमच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि हे सगळे प्रश्न थोडेफार याच क्रमाने दर बॅचला येतात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिले म्हणजे 'मला ग्रामर येत नाही' हे डोक्यातून काढा. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, त्यामुळे तुमच्या वयाच्या बऱ्याच आईबापांना वाटतं की आपला पायाच कच्चा. पण मराठी व्याकरण तर शिकलात ना? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. आता हेच त्याच क्रमाने इंग्रजीत म्हणा, नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. संपली यादी, पाठच आहे तुम्हाला. अडतं ते यादीत नाही. अडतं याच्यात, की शाळेत आपण दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, शब्दांच्या जाती एका धड्यात आणि कर्ता, कर्म, प्रयोग हे दुसऱ्या धड्यात, आणि इंग्रजीत आलो की दोन्ही एकमेकांत मिसळून टाकतो.

म्हणून आधी हे वेगळं करा. नाउन ही शब्दाची जात आहे. सब्जेक्ट हे वाक्यातलं काम आहे. 'सीमा बॉट ऑरेंजेस' या वाक्यात सीमा नाउन आणि ऑरेंजेस पण नाउन, पण सब्जेक्ट फक्त सीमा, ऑरेंजेस ऑब्जेक्ट. आता म्हणा 'ऑरेंजेस आर स्वीट', तर तेच ऑरेंजेस सब्जेक्ट झालं, जात मात्र नाउनच राहिली. आणि 'शी बॉट ऑरेंजेस' म्हटलं तर सब्जेक्टच्या जागी प्रोनाउन आलं. म्हणजे सब्जेक्ट नाउन असू शकतं, प्रोनाउन असू शकतं, कधी चार-पाच शब्दांचा पूर्ण गट असू शकतो, 'द ओल्ड मॅन नेक्स्ट डोअर सिंग्ज' मध्ये पहिले पाच शब्द मिळून एक सब्जेक्ट आहे आणि त्यात आर्टिकल (म्हणजे 'द'), ॲडजेक्टिव्ह, नाउन सगळं आहे. वर्कशीट समोर आलं की मुलीला आधी हे बघायला लावा की प्रश्न जात विचारतोय की काम. अर्ध्या चुका इथेच थांबतात, खरंच सांगतो.

आता जात ओळखायची कशी. शाळेतल्या व्याख्या, नाउन म्हणजे नाव, व्हर्ब म्हणजे ॲक्शन, ॲडजेक्टिव्ह म्हणजे गुण, या तिसरी-चौथीपर्यंत ठीक आहेत, पुढे त्या फसवतात. 'डिस्ट्रक्शन' मध्ये ॲक्शन आहे की नाही? आहे, पण तो नाउन आहे. 'इज', 'सीम', 'नो' (माहीत असणं), 'बिलॉन्ग' मध्ये कुठे काय हालचाल आहे, तरी व्हर्ब आहेत. मराठीतही 'धावपळ' मध्ये केवढी पळापळ आहे, पण ते नाम. म्हणून अर्थावर जाऊ नका, शब्द वाक्यात वागतो कसा ते बघा. त्याच्या आधी 'द' लागतं का, त्याचं अनेकवचन होतं का, तर नाउन. 'यस्टरडे' लावल्यावर त्याचं रूप बदलतं का, गो चं वेन्ट, इज चं वॉज, तर व्हर्ब. 'व्हेरी' लागतं आणि शिवाय 'द' आणि नाउन यांच्या मधे बसतं, तर बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह. बहुतेक म्हणालो कारण काही ॲडजेक्टिव्हना व्हेरी चालत नाही, 'व्हेरी डेड' कोणी म्हणत नाही. पण सहावीच्या वर्कशीटला एवढं पुरतं.

आणि एकच शब्द दोन-दोन जातींत येऊ शकतो, म्हणून वाक्याशिवाय सुटा शब्द देऊन 'याचा पार्ट ऑफ स्पीच सांग' असा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. 'वॉटर' काय आहे? 'आय ड्रिंक वॉटर' मध्ये नाउन, 'शी वॉटर्स द प्लांट्स' मध्ये व्हर्ब. वाक्य द्या, मग विचारा.

आता तुमचं ऑरेंज. स्टेशनच्या पूर्वेकडचं आपलं संत्रा मार्केट डोळ्यासमोर आणा. मराठीत 'संत्रा मार्केट' म्हणतो तेव्हा संत्रा हे विशेषण झालं असं वाटतं का आपल्याला? 'फार संत्रा मार्केट' किंवा 'जास्त संत्रा मार्केट' म्हणून बघा, काही अर्थ लागत नाही. संत्र्यांचं मार्केट, एवढाच अर्थ, दोन नामं शेजारी शेजारी उभी केली. इंग्रजीत पण तेच, 'व्हेरी ऑरेंज मार्केट' म्हणता येत नाही, 'द मार्केट इज ऑरेंज' म्हटलं तर अर्थच बदलतो, कोणीतरी पूर्ण मार्केटला रंग मारला असं होतं. म्हणून इथे ऑरेंज नाउन. पण 'ऑरेंज शर्ट' घ्या. 'व्हेरी ऑरेंज शर्ट' चालतं, 'द शर्ट इज ऑरेंज' चालतं, इथे तो रंग आहे आणि ॲडजेक्टिव्ह आहे. ऑरेंज सिटी म्हणतात आपल्या नागपूरला, त्यातही तो नाउनच, शहर काही नारिंगी नाही. तसंच 'स्कूल बॅग', 'मेट्रो स्टेशन', 'क्रिकेट बॅट'.

मुलीची बाजू पण घेतो मी, कारण तिचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. नाउनच्या आधी येऊन त्याबद्दल जास्त माहिती देणं हे ॲडजेक्टिव्हचं काम, आणि ऑरेंज इथे ते काम करून राहिलाय. जुन्या शाळेच्या ग्रामरमध्ये तर अशाला 'नाउन यूज्ड ॲज ॲन ॲडजेक्टिव्ह' असंच म्हणायचे. म्हणजे पुन्हा तेच, जात नाउन, काम ॲडजेक्टिव्हसारखं. त्या एका मार्कासाठी शाळेत जायची गरज नाही, पण बाईंना विचारून घ्या की असा शब्द आला तर त्यांना उत्तरात काय हवंय, जात की काम. परीक्षेत तेच लिहायचं.

आता सब्जेक्टकडे परत, कारण खरी गंमत इथे आहे आणि मराठी बोलणाऱ्या माणसाची खरी अडचण पण इथेच. मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जात नाही. 'सीमाने पोळी खाल्ली, सीमाने भात खाल्ला, सीमाने लाडू खाल्ले', खाणारी एकच, पण क्रियापद पोळी, भात, लाडू बघून बदलतं. इंग्रजीत व्हर्ब ऑब्जेक्टकडे ढुंकून पाहत नाही, तिन्हीला 'सीमा एट'. बदलायचं असेल तर ते सब्जेक्ट बघून, 'सीमा ईट्स' पण 'दे ईट'. त्यात आणखी एक वैताग असा की नाउनला एस लागला की अनेकवचन आणि व्हर्बला एस लागला की एकवचन, 'द बॉय रन्स' पण 'द बॉइज रन', पोट्टे दोन्हीकडे एस लावून मोकळे होतात, 'द बॉइज रन्स'. हे नियम सांगून जात नाही, मोठ्याने वाचून वाचून कानाला सवय झाली की जातं.

दुसरं, 'मला'. 'मला भूक लागली', 'मला ताप आहे', 'मला संत्रं आवडतं'. या तिन्हीत मराठी क्रियापद 'मी' कडे बघत नाही, भूक लागली, ताप आहे, संत्रं आवडतं. इंग्रजीत मात्र तिन्हीत 'आय' लाच सब्जेक्टच्या जागी बसवावं लागतं, 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव फीव्हर', 'आय लाइक ऑरेंजेस'. आणि बघा, भूक हे नाम होतं, तिथे हंग्री हे ॲडजेक्टिव्ह आलं. म्हणून शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करत जात ओळखायला गेलं की फसायला होतं. मराठीत नाम आहे म्हणून इंग्रजीत नाउनच येईल असं काही नाही.

मग इंग्रजीतला सब्जेक्ट पकडायचा कसा? 'करणारा तो सब्जेक्ट' ही व्याख्या पण सोडा, 'आय हॅव फीव्हर' मध्ये मी काय करतोय, पडून आहे. वाक्याचा हो-नाही वाला प्रश्न करा आणि बघा हेल्पिंग व्हर्बने, म्हणजे इज, आर अशा सहायक क्रियापदाने, कोणाशी जागा बदलली. 'सीमा इज ईटिंग' चं 'इज सीमा ईटिंग?' झालं, तर सीमा सब्जेक्ट. 'द बुक्स ऑन द टेबल आर न्यू' चं 'आर द बुक्स ऑन द टेबल न्यू?' झालं, म्हणजे 'द बुक्स ऑन द टेबल' एवढा सगळा गट सब्जेक्ट, नुसतं टेबल नाही. या एका युक्तीवर मी पोरांकडून सगळ्यात जास्त काम करून घेतो.

इथेच आणखी एक गाठ आहे जी मला मोठमोठ्या, स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये पण दिसते. आपल्या शाळेच्या व्याकरणात 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. आणि कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग पोट्टे 'रामाने आंबा खाल्ला' चं भाषांतर करतात 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. वाक्य ग्रामरने बरोबर, पण असं कोणी बोलत नाही. सरळ 'राम एट अ मँगो', ॲक्टिव्ह. पॅसिव्हच्या जवळचं मराठी म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. कर्मणी प्रयोग हा क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं याचा हिशोब आहे, पॅसिव्ह व्हॉइसमध्ये ऑब्जेक्टला उचलून सब्जेक्टच्या जागी बसवतात. दोघांची सांगड घालूच नका, सहावीत तर नाहीच.

व्हर्बमध्ये हेल्पिंग व्हर्ब म्हटलं की पोरं घाबरतात, पण आपण नागपूरकर यात नशीबवान आहोत. पुण्याचा माणूस म्हणतो 'ती अभ्यास करतेय', एका शब्दात उरकतो. आपण म्हणतो 'ती अभ्यास करून राहिली'. करून हा मुख्य भाग, काय करते ते सांगणारा, आणि राहिली हे सहायक क्रियापद, चालू आहे एवढं सांगणारं. 'शी इज स्टडिंग' मध्ये स्टडिंग मुख्य, इज सहायक. दोन तुकडे इकडे, दोन तुकडे तिकडे, फक्त क्रम उलटा. मी वर्गात हेच वापरतो, आणि शुद्ध-अशुद्धची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देत नाही.

पण याचा तोटा पण आहे. आपण 'मले समजून नाही राहिलं' असंही म्हणतो, आणि मग इंग्रजीत येतं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. तिथे 'आय डोन्ट अंडरस्टँड' पाहिजे. नो, अंडरस्टँड, वॉन्ट, लाइक, बिलॉन्ग, आणि मालकी दाखवणारं हॅव, ही व्हर्ब्स स्थिती दाखवतात, यांना सहसा आयएनजी लावत नाहीत. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक, पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं.

आणि 'डू'. याच्यासारखं मराठीत काहीच नाही, म्हणून ते वेगळं शिकवावं लागतं. 'डिड यू डू युअर होमवर्क?' या वाक्यात डू दोनदा आहे, पहिलं डिड नुसतं प्रश्न उभा करायला आलेलं सहायक, दुसरं डू खरं काम करणारं. मुलीला हे एक वाक्य पाठ करायला लावा, पुढे फार कामी येतं.

प्रिपोझिशन लवकर आटपतो. मराठीत 'टेबलावर' मध्ये वर शब्दाला मागून चिकटतं, इंग्रजीत 'ऑन' वेगळा आणि आधी. बस. ओळखायला, त्याच्या मागून नाउन किंवा प्रोनाउन आलंय का बघा. 'आय वेन्ट बिफोर लंच' मध्ये बिफोरनंतर लंच हे नाउन आहे, म्हणून प्रिपोझिशन. 'आय लेफ्ट बिफोर शी केम' मध्ये बिफोरनंतर पूर्ण वाक्य आहे, सब्जेक्ट आणि व्हर्बसकट, म्हणून कंजंक्शन. 'आय हॅव सीन हिम बिफोर' मध्ये नंतर काहीच नाही, म्हणून ॲडव्हर्ब. आफ्टर आणि सिन्सला पण हीच परीक्षा लागू पडते.

ॲडव्हर्बबद्दल फक्त दोन धोके. एलवाय दिसलं की ॲडव्हर्ब असं पोरांना वाटतं, पण फ्रेंडली, लव्हली, लोनली ही ॲडजेक्टिव्ह आहेत. आणि काही शब्द एलवाय न लावताच ॲडव्हर्ब होतात, 'अ फास्ट बस' मध्ये ॲडजेक्टिव्ह, 'द बस रन्स फास्ट' मध्ये ॲडव्हर्ब, 'फास्टली' असा शब्दच नाही. हार्डला एलवाय लावायला जाल तर अर्थच उलटा होतो. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनती आहे, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामच करत नाही. सासऱ्यांसमोर जावयाची ओळख करून देताना जपून. इंटरजेक्शनला तर शिकवायची गरजच नाही, आपल्याकडे 'अबे' आणि 'बाप्पा' दिवसभर चालू असतं.

आता आठ की नऊ. दोन्ही बरोबर, मोजणाऱ्यावर आहे. ग्रीक व्याकरणात आठ होते आणि त्यात आर्टिकल धरलेलं होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून ते गळालं आणि इंटरजेक्शन वेगळं मोजलं, आकडा आठचा आठच ठेवला. इंग्रजीवाल्यांनी लॅटिनकडून उचललं, पण इंग्रजीत तर 'अ, ॲन, द' आहेत, मग लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणात आर्टिकल धरून नऊ झाले. आपल्याकडे संस्कृतात प्राचीन काळी यास्काने चारच केले होते, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्ययं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता, आपल्या शाळेतल्या आठ जाती आणि इंग्रजीच्या आठ इतक्या जुळतात त्याचं कारण हेच. आजकालच्या पुस्तकांत डिटर्मिनर म्हणून एक गट दिसेल, त्यात अ, ॲन, द, धिस, माय, सम, एव्हरी हे सगळे येतात, जे आधी आर्टिकल आणि ॲडजेक्टिव्हमध्ये वाटलेले होते. मुलीच्या पुस्तकात जे असेल ते धरा, वाद घालू नका. पण आर्टिकलवर वेळ द्या, कारण मराठीत ते नाहीच, आणि म्हणून आपली पोरं ते विसरतात, 'आय सॉ डॉग' लिहून येतात.

सरावासाठी वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. घरी द हितवाद येत असेल तर त्यातली एखादी छोटी स्थानिक बातमी घ्या, १९११ पासून चालू असलेला इंग्रजी पेपर आहे, नागपूरचीच गावंनावं असल्याने पोरांना अर्ध कळतंच. फक्त हेडलाइन घेऊ नका. हेडलाइनमध्ये आर्टिकल गाळतात, हेल्पिंग व्हर्ब गाळतात, नाउनवर नाउन रचतात, तिथे मोठी माणसंही गडबडतात. खालचा पहिला पॅरा घ्या, त्यातली दोन-तीन वाक्यंच, रोज. आधी व्हर्ब शोधायला लावा, यस्टरडे किंवा टुमॉरो लावून काय बदलतं ते बघून. मग प्रश्न करून सब्जेक्ट. राहिलेले शब्द शेवटी. नाउनपासून सुरुवात केली की पोरं ओळीने सगळ्याच शब्दांना नाउन म्हणत सुटतात.

आयएनजी वाले शब्द दिसतील मधेमधे, जेरंड आणि पार्टिसिपल. ते आत्ता बाजूला ठेवा, आठवी-नववीत येतील. आणि आले की मराठीतली धातुसाधितं काढा तिच्यासमोर, 'धावणं चांगलं' मध्ये नाम, 'धावणारी मुलगी' मध्ये विशेषण, 'धावत आली' मध्ये क्रियाविशेषण, धातू एकच. मग 'रनिंग इज गुड', 'द रनिंग गर्ल', 'शी केम रनिंग' हे तिघं तिला आपोआप जागेवर बसवता येतात.